कच्चा खर्डा घेऊन या: माझ्या मराठीच्या तासाला कसं बसायचं, कसं लिहायचं

जूनमध्ये पहिल्या तासाला मी दोनच वस्तू आणायला सांगते: शंभर पानी वही आणि पेन्सिल. मुलं पेन काढून बसतात. पेन लिहायला ठीक आहे, वाचायला पेन्सिलच हवी, कारण पुस्तकाच्या कडेला जे लिहायचं असतं ते उद्या खोडावंसं वाटू शकतं.

देवगड तालुक्यातल्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं मराठी शिकवते. प्रथम वर्षाला साहित्य आणि लेखन असा एकत्र पेपर असतो. दरवर्षी तेच प्रश्न येतात. मॅडम, किती पानं लिहायची? मॅडम, उशीर झाला तर चालेल का? मॅडम, मोबाइलवर लिहून आणू? सगळ्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिते आहे. दुसऱ्या कॉलेजात शिकणाऱ्यांचे नियम वेगळे असतील, पण वाचायची आणि लिहायची जी रीत मी सांगणार आहे ती कुठेही चालेल.

हजेरी

दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर म्हणजे सत्रात ३० तास. ७५ टक्के हजेरी म्हणजे त्यातले किमान २३. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक तासाला एक रेघ मारा. सत्र संपताना ऑफिसच्या खिडकीपाशी रडत उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी आपले तास कधी मोजलेलेच नव्हते.

आपल्याकडे गैरहजेरीची कारणं खरी असतात, हे मला ठाऊक आहे. समुद्रावर पाणी चढलं की खाडीपलीकडची एसटी येत नाही. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा पाण्यात उतरतात आणि त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली काही मुलं दिसेनाशी होतात. दुसऱ्या सत्रात आंब्याचे दिवस सुरू झाले की पेट्या भरायला घरात माणसं कमी पडतात. यातलं काहीही असलं तर आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी एक ओळ कळवा. परत आलात की चुकलेल्या तासाला वाचलेला उतारा वर्गातल्या मैत्रिणीकडून किंवा मित्राकडून घ्या आणि त्यावर एक पान लिहून माझ्या हातात द्या. त्याने हजेरी भरून निघत नाही, तो अधिकार माझा नाही. पण पुढच्या तासाला तुम्ही आंधळ्यासारखे बसणार नाही.

गणपतीच्या सुट्टीत मी काही काम देत नाही. घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, आरत्या असतात, भजनं असतात. ते दिवस तुम्ही घरचेच असा.

वाचताना

कुठलाही पाठ दोनदा वाचायचा. पहिल्यांदा हात मोकळे ठेवून, थांबायचं नाही, शब्द अडला तरी पुढे जायचं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. जिथे मन अडखळलं तिथे उभी रेघ, जो शब्द कळला नाही त्याखाली आडवी, आणि कडेला निदान एक प्रश्न. ‘या माणसाने उत्तर का दिलं नाही?’ असा साधा प्रश्नसुद्धा चालतो. वर्गात येताना तो प्रश्न घेऊनच यायचं. माझा तास तुमच्या प्रश्नांपासून सुरू होतो. प्रश्न नसेल तर मी रागावत नाही, पण त्या दिवशी तुमच्या वहीत गुण पडत नाहीत.

कविता मात्र मोठ्याने वाचायची. मनातल्या मनात वाचलेली कविता अर्धीच वाचलेली असते. आम्ही सुरुवात मालगुंडच्या केशवसुतांपासून करतो (१८६६–१९०५). लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्या कायद्यात प्रताधिकार (कॉपीराइट) संपतो, त्यामुळे त्यांच्या कवितांच्या झेरॉक्स मीच वाटते, कुणाला पुस्तक विकत घ्यावं लागत नाही. जुन्या छपाईचं ते पान हातात आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “मॅडम, यात चुका आहेत. ‘नाहीं’वर अनुस्वार आहे, ‘गांव’वर आहे.” त्या चुका नव्हेत. पूर्वी न उच्चारलेले अनुस्वारही लिहीत असत. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ते गेले. दरवर्षी हे सांगताना मला आनंद होतो, कारण त्या क्षणी मुलांना पहिल्यांदा कळतं की शुद्धलेखन आभाळातून पडलेलं नाही, माणसांनी बसून ठरवलेलं आहे. एकदा हे कळलं की नियम पाठ करणं सोपं जातं.

लिहिताना

बाकीचं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: मला तुमचा कच्चा खर्डा हवा आहे.

प्रत्येक लेखनासाठी तीन वेळा कागद द्यायचा. पहिला खर्डा हाताने लिहिलेला, खाडाखोडीसकट. आठवड्याने दुसरा, ज्यावर शेजारी बसणाऱ्याने वाचून दोन ओळी लिहिलेल्या असतील. त्यानंतर आठवड्याने पक्का. तिन्ही एकत्र टाचून द्यायचे. नुसता पक्का कागद मी घेत नाही. अंतर्गत २० गुणांची वाटणी मी उघडच सांगते: खर्ड्यांना ८, पक्क्या लेखनाला ६, वाचनाच्या वहीला ४, दुसऱ्याच्या लेखनावर दिलेल्या शेऱ्याला २. म्हणजे ज्याचं पक्कं लेखन साधारण आहे पण ज्याने मनापासून बदल केले आहेत, तो मागे पडत नाही.

मी स्वतः शिकत होते तेव्हा माझा एक निबंध परत आला, त्यावर लाल शाईत फक्त ‘५’ होता. दहापैकी पाच. काय जमलं नव्हतं ते मला आजही माहीत नाही. त्यामुळे माझ्याकडून येणाऱ्या प्रत्येक खर्ड्यावर किमान तीन वाक्यं असतील. ती वाचा. न वाचता दुसरा खर्डा दिलेला मला लगेच कळतो.

बदल म्हणजे काय ते एक उदाहरण देऊन सांगते. एका मुलाच्या परवानगीने त्याची वाक्यं देते आहे, नाव देत नाही. विषय होता समुद्र. पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी:

“समुद्र हा निसर्गाचा अद्भुत आविष्कार असून तो मानवी मनाला असीम आनंद प्रदान करतो.”

या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण हे वाक्य नागपूरचा मुलगाही लिहू शकेल, आणि या मुलाचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी कडेला लिहिलं, “तू समुद्रावर शेवटचा कधी गेलास? हातात काय होतं?” दुसऱ्या खर्ड्यात हे आलं (रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं):

“बाबांचा पाय मुरगळला होता म्हणून रापण ओढायला त्यांच्या जागी मी उभा राहिलो. दोर ओला होता आणि खरखरीत होता. पुढच्या काकांच्या टाचा वाळूत रुतत होत्या, मी त्यांच्याच खड्ड्यांत पाय ठेवत होतो. वाटा करताना कुणी मला लहान म्हणून कमी बांगडे दिले नाहीत.”

‘त्यांच्याच खड्ड्यांत पाय’ हे वाक्य मी वर्गात तीनदा वाचून दाखवलं. आनंद हा शब्द त्यात कुठेच नाही आणि तो आहे. पक्क्या खर्ड्यात त्याने फक्त दोन गोष्टी बदलल्या: ‘होता’ लागोपाठ तीनदा येत होतं ते एकदा केलं आणि काकांचं नातं सांगून टाकलं. लिहायला बसलात की स्वतःला हेच विचारा: हातात काय होतं, पायाखाली काय होतं, कोण बोललं, कोण गप्प राहिलं. ‘अद्भुत’, ‘असीम’, ‘प्रदान’ हे शब्द दिसले की थांबा आणि त्यांच्या जागी तुम्ही घरी जो शब्द वापरता तो ठेवून पाहा.

घरचा शब्द मालवणी असेल तरी चालेल. संवादात माणूस जसा बोलतो तसाच लिहायचा. “आवशीन माका हाक मारल्यान” याला मी कधीही लाल रेघ मारणार नाही. एक संपूर्ण लेखन तर मी मालवणीतूनच मागते. अर्ज, अहवाल, परीक्षेतलं उत्तर मात्र प्रमाण मराठीत, कारण ते वाचणारा माणूस आपल्या गावचा नसतो आणि त्याच्यापर्यंत पोचायची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे.

शुद्धलेखनाचे गुण मी फक्त पक्क्या खर्ड्यात पाहते, आणि तेही जास्तीत जास्त दोन कापते. सगळ्यात जास्त चुका एकाच ठिकाणी होतात, तेवढं आजच शिकून घ्या. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार किंवा उकार दीर्घ: फूल, मूल, गरीब, वकील. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: फुलाला, मुलाला, गरिबाला, वकिलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत: गुण, गुणाला, दीप, दीपाला.

उशीर

कागद सोमवारी चार वाजेपर्यंत. सत्रात प्रत्येकाला दोन सवलतीचे दिवस आहेत, कारण विचारणार नाही, वर ‘सवलत’ एवढंच लिहा. ते संपले की दिवसाला एक गुण जातो. लाइट नव्हती, रेंज नव्हती, ही अडचण कागदाला लागत नाही. खर्डा हाताने लिहायला सांगते त्याचं हेही एक कारण आहे. घरात आजारपण किंवा मयत असेल तर हे सगळे नियम बाजूला. त्या वेळी फक्त निरोप पाठवा.

दुसऱ्याचं लेखन आणि मशीनचं लेखन

कुणाचं वाक्य घेतलंत तर अवतरणचिन्हांत घाला आणि कुणाचं ते सांगा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आहेत. त्यांत प्रबंधासाठी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि ६० टक्क्यांपुढे गेलं तर नोंदणीच रद्द होते. मी वर्गात टक्के मोजत नाही. मी तुम्हाला बोलावते आणि समोर बसवून विचारते, “हे वाक्य कसं सुचलं?” ज्याने लिहिलंय त्याला सांगता येतं. सांगता आलं नाही तर तो कागद परत, आणि नवा खर्डा माझ्यासमोर वर्गात बसून. दुसऱ्यांदा झालं तर त्या लेखनाला शून्य.

चॅटजीपीटीचंही तेच. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, अवघड उतारा समजून घेतला, तर खाली एका ओळीत तसं लिहा. गुण जात नाहीत. खर्डा मात्र त्याच्याकडून लिहून घ्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी ‘माझं गाव’ या विषयावर एक कागद आला. भाषा स्वच्छ, परिच्छेद नेटके, आणि गावाबाहेर मोहरीची पिवळी शेतं पसरलेली. आमच्या बाजूला कातळ आहे, कलमं आहेत, काजू आहेत, पावसाळ्यात भात आहे. मोहरीचं शेत त्या मुलाने कधी पाहिलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, कारण तो ज्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, रोज चालत येतो तो सडा त्या कागदात कुठेच नव्हता. मी त्याला बसवून विचारलं, “दारातून बाहेर पडलास की पहिलं काय दिसतं?” तो दहा मिनिटं बोलत होता. सप्टेंबरात कातळावर फुलं येतात, त्यातली निळी कुठे आणि पिवळी कुठे, हेसुद्धा त्याला माहीत होतं. मी म्हटलं, “हेच लिही, जसं आत्ता बोललास तसं.” त्याने लिहिलं, आणि ते कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आलं.

वर्गात बोलताना

लेखकाशी, माझ्याशी, एकमेकांशी खुशाल असहमत व्हा, फक्त ज्या ओळीवरून तसं वाटलं ती ओळ वाचून दाखवा. जात, धर्म, कुणाचं घर यांवरून टोमणा आला तर मी तास तिथेच थांबवते. स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेलं मोठ्याने वाचायची सक्ती कुणावरही नाही. कागदाच्या वर ‘फक्त मॅडमसाठी’ असं लिहा, तो शेजाऱ्याकडे जाणार नाही. मोबाइल बॅगेत.

गुणांबद्दल शंका असेल तर एक रात्र जाऊ द्या. मग माझा शेरा पुन्हा वाचा, कुठे पटलं नाही ते तीन ओळींत लिहा आणि या. बुधवारी तास संपल्यावर मी लायब्ररीत मागच्या टेबलाशी असते, शेवटची एसटी सुटेपर्यंत. येताना तिन्ही खर्डे घेऊन या.