लॉनवर डबकं साचतंय? मातीची ट्रॉली मागवायच्या आधी या चुका टाळा

जून संपत आला की आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या गल्लीत मातीची एक तरी ट्रॉली उतरतेच, कुणाच्या तरी लॉनमध्ये डबकं झालेलं असतं आणि मालकाला वाटतं खड्डा आहे, बुजवला की विषय संपला. मी पण हेच केलं होतं. काळी माती मागवली, पार भिंतीपर्यंत चढवली, वरून कार्पेट लॉन अंथरलं, फोटो काढून नातेवाईकांना पाठवले. पुढच्या पावसात डबकं तिथून सरकलं आणि हॉलच्या भिंतीला येऊन टेकलं. ऑगस्टपर्यंत सोफ्यामागचा रंग पापुद्रे धरून सुटायला लागला.

निफाडच्या मामांची द्राक्षबाग आहे, ते आले होते तेव्हा बघून हसले. म्हणाले, "भाच्या, बागेत पाणी तुंबलं तर आम्ही काय वरून माती टाकतो का रे? चर काढतो ना?" तेव्हा डोक्यात उजेड पडला.

कोरड्यात बघून ठरवणं

मे महिन्यात लॉन बघून उंचसखल ठरवू नका. आपल्याकडे बऱ्याच प्लॉटवर काळी माती आहे, ती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, पावसात फुगते. भेगा बघून त्यात माती कोंबली की पावसात तीच जागा उचलून येते आणि तुम्ही पुन्हा कपाळाला हात लावता. त्यापेक्षा चांगला पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर उभं राहा, पाणी कुठून येतंय, कुठं थांबतंय, थांबल्यावर किती वेळ राहतंय ते बघा आणि तिथं खुंट्या ठोका. दोन-तीन तासांत जिरलं तर सोडून द्या, एवढं चालतं. दुसऱ्या दिवशीही असेल तर काम आहे. आठवडाभर राहिलं तर डासांची पैदास तुमच्याच अंगणात.

पन्हाळीचं पाणी विसरणं

निम्म्या घरांत लॉनचा काही दोष नसतो, दोष गच्चीच्या पाईपचा असतो. हिशोब करून बघा, १००० चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिमी पाऊस पडला तर साधारण २३०० लिटर पाणी होतं, म्हणजे हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या भरून वर उरतंय. हे सगळं एका कोपऱ्यात प्लिंथच्या, म्हणजे घराच्या जोत्याच्या, पायथ्याशी पडणार असेल तर तिथलं गवत काय करेल बिचारं? पाईपला एल्बो लावून पाणी निदान १० फूट लांब न्या, खर्च फार नाही.

फक्त तो पाईप ड्रेनेजच्या चेंबरला जोडू नका. मिस्त्री लोक सर्रास सुचवतात, "साहेब, जवळच आहे, जोडून टाकू." सांडपाण्याची लाईन पावसाच्या पाण्यासाठी नसते, जोराचा पाऊस आला की ती भरते आणि तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळीतून उलटी वर येते. गोदावरीला पूर आला की आपण नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते विचारतो, पण बाथरूममध्ये पाणी मोजायची वेळ कुणावर येऊ नये.

उतार नजरेनं धरणं

डोळे फसवतात, विशेषतः गवत असलं की. गवंडी पाणी भरून वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणा, ३० फूट पुरते. आम्ही दोघांनीच केलं, बायको प्लिंथपाशी, मी कंपाउंडपाशी. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं म्हणजे पातळी लांबून दिसते. पहिल्यांदा माप काढलं तर कंपाउंडची बाजू घरापेक्षा वर निघाली, आम्ही चक्रावलो, मग लक्षात आलं की नळीत मधे एक बुडबुडा अडकलाय. नळीत हवा राहिली की लेव्हल खोटी, त्यामुळे आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का बघायचं, मग लांब जायचं.

मातीच्या अंगणात घरापासून पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार मिळाला तर उत्तम. फरशी किंवा कोबा असेल तर १० फुटांना अडीच इंच पुरतो. आणि माती कायम प्लिंथच्या वरच्या कडेपासून निदान ६ इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर भिंतीला ओल आणि वाळवी दोन्ही येतात. माझी चढवलेली माती मीच घमेल्यांनी परत काढली, सांगायला लाज वाटते पण काढली.

एकदम जाड थर टाकणं

खोलगटपणा इंच-दीड इंचापर्यंत असेल तर वरून माती देत जायची, पण एका वेळी अर्धा इंचच, गवताची पाती दिसत राहिली पाहिजेत. चार-पाच आठवड्यांनी परत. खालची आहे तीच माती चाळून त्यात साधारण निम्मी वाळू आणि थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत, हे मिश्रण ठीक जमतं. वाळू धुतलेली घ्या, क्रशरची कच टाकलीत तर ती सिमेंटसारखी बसते.

खड्डा त्यापेक्षा खोल असेल तर गवत उचलावंच लागतं. फावड्यानं इंग्रजी एच आकाराचा छेद द्यायचा, दोन इंच जाडीची पोळी दोन्हीकडे उलटायची, खाली माती भरून धुम्मसनं (माती ठोकायच्या जड ठोकळ्यानं) ठोकायची, पोळी परत अंथरून पाणी द्यायचं. पाईपलाईनच्या चरीवर लॉन खचलं असेल तर ते दरवर्षी खचतच राहतं कारण चर एका दमात भरलेली असते. ती उकरून ६-६ इंचांचे थर देत, प्रत्येक थर ओला करून ठोकत भरा. आणि ओल्या लॉनवर रोलर फिरवू नका. सपाट दिसतं, पण माती दाबली जाऊन पाणी जिरायचंच बंद होतं.

कुणीतरी जिप्सम टाका सांगेल. ते चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीत काम करतं, साध्या काळ्या मातीतल्या डबक्यावर उगाच पैसे जातात.

शोषखड्डा न तपासता खोदणं

शोषखड्डा म्हणजे पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा. तो खोदायच्या आधी चाचणीला फूटभर खोल खड्डा करा, पाणी भरून जिरू द्या, परत भरा आणि तासाभरात किती उतरलं ते मोजा. इंचभरही उतरलं नाही तर त्या थरात शोषखड्डा म्हणजे नुसती टाकी. काळी माती पार करून खाली मुरूम लागला तर पाणी जातं, पण काही प्लॉटवर तीन फुटांवरच काळा पाषाण लागतो, तिथं नाद सोडा आणि पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारीकडे न्यायचं बघा. शोषखड्डा जमत असेल तर तो घराच्या पायापासून १० फूट लांबच हवा.

पाणी लांब न्यायला खडी भरलेली चर काढलीत तर तिच्यात भोकं असलेला ४ इंची पाईप टाकताना भोकं खाली, ३० फुटांना ४ इंच उतार. आमच्या शेजारच्या काकांनी खडीभोवती गोणपाट गुंडाळलं, ते दोन पावसाळ्यांत कुजलं आणि चर गाळानं भरली, म्हणून पाणी जाऊ देणारं, न कुजणारं जिओटेक्स्टाईलचं कापडच वापरा. पाईपचं वरचं टोक झाकण लावून जमिनीबाहेर ठेवा, तुंबला तर तिथून पाण्याचा जोर मारता येतो. आणि खालचं टोक शेजाऱ्याच्या कंपाउंडखाली सोडू नका प्लीज, पाणी उतरतं पण भांडण वर्षभर चालतं.

भर पावसात हे वाचत असाल तर आत्ता फक्त पन्हाळीचा पाईप लांब न्या आणि खुंट्या ठोका. गवत उचलायचं, माती द्यायची ती कामं पाऊस उघडल्यावर, घटस्थापना ते दिवाळीच्या दरम्यान काढा, माती वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) असते आणि गवतही वाढीत असतं. डिसेंबरची थंडी पडली की ते झोपतं, मग केलेली ठिगळं उन्हाळ्यापर्यंत तशीच दिसतात. खुंट्यांना लाल चिंधी बांधा, मी एकीला अडखळून तोंडावर पडलोय.