किडनी बदलल्यानंतर गावात राहताना: गोळ्या, पाणी, शेत आणि ताप

गोळ्यांची वेळ ठरवताना आधी एसटीची वेळ पाहा. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमसची नेहमीची कॅप्सूल बारा-बारा तासांनी घ्यायची असते. रक्तातलं तिचं प्रमाण तपासायचं तर रक्त सकाळच्या कॅप्सूलआधी, म्हणजे रात्रीच्या कॅप्सूलनंतर १२ तासांनी द्यावं लागतं. यवतमाळहून नागपूर साधारण १५० किमी, एसटीने तीन-साडेतीन तास. तुमची वेळ सकाळी सहाची असेल तर सहाला तुम्ही फाट्यावर उभे असता आणि रक्त निघतं दहाला. तोवर सोळा तास झालेले असतात, प्रमाण खरं आहे त्याहून कमी दिसतं आणि त्या आकड्यावरून डोस उगाच वाढू शकतो. म्हणून दवाखान्यातून सुट्टी होतानाच डॉक्टरांशी बोलून ९-९ किंवा १०-१० अशी वेळ लावून घ्या. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच नागपूर गाठावं.

तपासणीच्या दिवशी सकाळची कॅप्सूल खिशात ठेवा आणि रक्त दिल्याबरोबर घ्या. रात्रीची किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहून रक्त घेणाऱ्याला द्या. सवयीने सकाळी घरूनच घेऊन निघालात तर ते सांगून टाका. तसं रक्त तपासून काही कळत नाही, आणि लपवलं तर चुकीच्या आकड्यावर डोस बदलतो.

टॅक्रोलिमस जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावी. पोट रिकामं की भरलेलं, यावर ती किती शोषली जाते ते अवलंबून असतं, म्हणून रोज एकाच पद्धतीने घ्या. मोबाईलचा गजर दोन फोनवर लावा, त्यातला एक घरच्या माणसाचा. लाइन गेली की फोन बंद पडतो, त्यासाठी भिंतीवर सेलचं घड्याळ असू द्या. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. किती तास उशीर चालेल हे ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला (दवाखान्यात किडनी बदललेल्यांचं काम पाहणारा माणूस) विचारून गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवा. उलटी झाली तर औषध घेऊन किती मिनिटं झाली होती ते पाहा आणि फोन करा.

कंपनी बदलू नका. तालुक्याच्या मेडिकलमध्ये "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं आहे" म्हणून पट्टी हातात ठेवतात. टॅक्रोलिमसचा योग्य डोस आणि घातक डोस यांच्यात फार अंतर नसतं, त्यामुळे कंपनी बदलली तर प्रमाण पुन्हा तपासावं लागतं. दिवसातून एकदाच घ्यायची टॅक्रोलिमसही मिळते. नाव सारखंच दिसतं, पण ती वेगळी आहे. जुनी रिकामी पट्टी सोबत नेऊन अक्षर अन् अक्षर जुळवून घ्या.

घरात नेहमी १५ दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा, जून ते सप्टेंबर महिन्याभराच्या. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे तिकडच्यांना सांगायला नको, पण नाल्याच्या पलीकडे असलेलं प्रत्येक गाव पावसाळ्यात थोडंबहुत भामरागडच असतं. पैशाची ओढाताण झाली तर गोळी अर्धी करून दिवस काढू नका. डॉक्टरांना आधी सांगितलं तर काही मार्ग निघू शकतो. रिजेक्शन झाल्यावर, म्हणजे शरीराने नाकारल्यावर, गेलेली किडनी मात्र बहुधा परत मिळत नाही.

उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो आणि बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. टिनाच्या घरात छताजवळची फळी, चुलीची भिंत, मोटरसायकलची डिक्की आणि एसटीची खिडकी या चार जागा टाळा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मधल्या खोलीत, जमिनीलगत ठेवा. कूलरसमोर ठेवू नका, दमटपणाने कॅप्सूल बिघडते. याच कारणाने वेळ होईपर्यंत ती पट्टीतून काढू नका. फ्रिजबद्दल आपल्या औषधवाल्यालाच विचारा, कारण इन्सुलिनचा नियम वेगळा आणि कॅप्सूलचा वेगळा.

पाणी

डायलिसिसच्या काळात घोटाघोटाचा हिशोब असतो. त्या सवयीने नंतरही माणूस कमी पितो आणि इथेच पहिली मोठी चूक होते. नवी किडनी नीट चालत असेल तर बहुतेकांना दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी सांगतात, वैशाखात त्याहून जास्त. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. लिटरच्या तीन बाटल्या सकाळीच भरून ठेवल्या की संध्याकाळी हिशोब दिसतो. शरीरात पाणी कमी पडलं की रक्तातलं क्रिएटिनिन चढतं; किडनी कशी चालते ते याच आकड्यावरून कळतं.

पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या, त्याच भांड्यात झाकून थंड करा आणि तोटीच्या माठात भरा. हात घालून ग्लास बुडवायचा माठ नको. माठ दोन-तीन दिवसांनी घासून उन्हात वाळवा.

उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळातच खारट असतं आणि आटवल्यावर ते आणखी खारट होतं. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड आहे, तेही उकळून निघत नाही. अशा गावात पिण्यासाठी नळयोजनेचं किंवा आरओचं पाणी घ्या. वीस लिटरचा थंड कॅन कुठे, कसा भरला हे माहीत नसेल तर तोही उकळा.

कूलरकडे कुणी लक्ष देत नाही. टाकीतल्या शिळ्या, कोमट पाण्यात आणि काळ्या पडलेल्या गवताच्या जाळीत जंतू आणि बुरशी वाढते आणि पंखा ते थेट तोंडावर फेकतो. पाणी रोज बदला, टाकी आठवड्याला घासा, दर मोसमात नवी जाळी लावा. जुनी जाळी काढायचं काम घरातल्या दुसऱ्याने, अंगणात करावं.

ताट

नियम एवढाच: शिजलेलं, वाफ निघत असलेलं, नुकतं झालेलं. भाकरी, झुणका, वरण, पातोडीची भाजी, भाजलेल्या वांग्याचं भरीत हे सगळं चालतं. पहिल्या काही महिन्यांत कच्चा कांदा, मुळा, कोथिंबीर आणि मोड आलेली कच्ची मटकी बंद. नंतरही फळ स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वतः सोलून खा. धारोष्ण दूध कधीच नको. त्यातून टीबी आणि ब्रुसेलोसिस होऊ शकतो, गाय धट्टीकट्टी दिसत असली तरी. दही-ताक घरच्या उकळलेल्या दुधाचं आणि त्याच दिवशीचं घ्या. बसस्टँडवरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेलं टरबूज नको. लग्नाच्या पंगतीला जायला हरकत नाही. पहिल्या पंगतीत बसा, गरम भात-वरण-भाजी खा, कोशिंबीर आणि मठ्ठा पुढे सरकवा, पाण्याची बाटली घरची न्या.

पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, कारण ते टॅक्रोलिमसचं प्रमाण अचानक वाढवतात. डाळिंबाचा रसही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. संत्र्याबद्दल इकडे सगळेच विचारतात. नागपुरी संत्रं त्या जातीतलं नाही, त्याने औषध चढत नाही. पण टॅक्रोलिमसमुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि संत्र्यात पोटॅशियम असतं. रिपोर्ट ठीक असेल तर एखादं खा. मळ्यात बसून डझनभर सोलणं आता नाही.

मीठ दिवसाला सपाट एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, सगळं धरून. सावजी रस्सा, लोणचं, पापड, ठेचा त्यातच मोजायचे. स्टेरॉइडने भूक खूप लागते आणि साखर वाढते, आधी डायबेटिस नव्हता त्यालाही होऊ शकतो. म्हणून भूक लागल्यावर हातात काय येईल ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर हात बिस्किटाच्या पुड्याकडेच जातो.

खर्रा सोडा. सुपारी आणि तंबाखू दोन्ही तोंडाच्या कॅन्सरला कारण आहेत आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात कॅन्सरचा धोका आधीच वाढलेला असतो. कमी करून चालत नाही, कारण घोटण्याचा आवाज आला की पुन्हा सुरू होतो. पानठेल्यावर बसणं बंद करा आणि मित्रांना स्पष्ट सांगा.

शेत आणि गोठा

नवी किडनी बरगडीखाली नसते. ती पोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या वर, कातडीच्या अगदी जवळ बसवलेली असते. नाडा, पट्टा, लुगड्याची गाठ त्यावर आवळू नका. पहिले सहा-आठ आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली बादलीच पंधरा किलो भरते, पाण्याची गुंडी तर सोडाच. मोटरसायकलही तोवर नको. पुढे हलकी कामं डॉक्टरांना विचारून सुरू करा, पण बैलाचं शिंग आणि ट्रॅक्टरचं स्टिअरिंग यांपासून ती जागा कायम जपा. हातात फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) असेल तर त्या हातावर बीपीचा पट्टा नको, त्यातून रक्तही काढू देऊ नका.

काही कामं मात्र घरातल्या दुसऱ्याकडे कायमची द्या: उकिरडा उपसणं, गोठा झाडणं, शेणाने सारवणं, जुनं कुटार ओढणं. भिजून वाळलेल्या कुटारातून जी पांढरट धूळ उडते ती बुरशीची असते. निरोगी माणसाला ती शिंक आणते, तुमच्या फुफ्फुसात ती घर करू शकते. मळणीयंत्राजवळ थांबणं टाळा, जावंच लागलं तर एन-९५ मास्क लावा, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा पुरत नाही. फवारणी तुम्ही करायची नाही आणि त्या दिवशी त्या वावरात जायचंही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने धडधाकट माणसं गेली, तिथे आपली काय कथा.

वावरात जाताना पूर्ण बाह्या, गमबूट, हातमोजे. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो, विदर्भात २०१८ साली त्याची मोठी साथ येऊन गेली. घरी आल्यावर आंघोळ करा, कपडे लगेच धुवायला टाका आणि काख, जांघ, कमरेभोवती न दुखणारी काळी खपली दिसते का ते पाहा. अशी खपली आणि ताप एकत्र आला तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा, लसीचे सगळे डोस घ्या आणि सोबत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मागा. प्रतिकारशक्ती कमी असल्याने ओरखड्यालाही ते लागतं.

गावचा डॉक्टर आणि मेडिकल

अंग दुखतंय म्हणून घेतलेली सुई बऱ्याचदा डायक्लोफेनॅकची असते, आणि ती किडनीला मारक आहे. आयब्रुफेनही तसंच. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, पण तेही फोन केल्यावर, कारण त्याने ताप दबतो आणि निदान लांबतं. गजकर्णासाठी मेडिकलवाला सर्रास इट्राकोनॅझोल देतो, त्याने टॅक्रोलिमस कित्येक पट चढू शकतं. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल आणि एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स यांनीही चढतं. हात थरथरणं ही त्याची पहिली खूण असू शकते. उलट टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं ते इतकं उतरवतात की रिजेक्शन होऊ शकतं. टीबी निघाला तर उपचार टाळायचा नाही, पण सरकारी दवाखान्यातली पहिली गोळी घेण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचं आणि तिथल्या डॉक्टरांचं बोलणं करून द्या.

गुळवेल, काढे, "ताकद वाढवणारी" चूर्णं कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी नको. तुमच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून किडनी वाचवतात, ही औषधं तिला चेतवू शकतात.

एका जाड कागदावर किडनी बदलल्याची तारीख, सगळ्या गोळ्या, शेवटचं क्रिएटिनिन, कोऑर्डिनेटरचा नंबर आणि "डायक्लोफेनॅक देऊ नये" हे मोठ्या अक्षरात लिहून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवा. तुम्ही बेशुद्ध असलात तर तो कागद बोलेल.

प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तर आधी सांगा, औषध बदलून निदान सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात. तोवर गर्भनिरोधक वापरा. हे सासरच्यांनाही समजावून सांगायला हवं.

रोजची वही आणि फोन कधी करायचा

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन, बीपी आणि ताप लिहा. पहिले काही महिने लघवीही मोजा, माप लिहिलेली प्लॅस्टिकची बाटली पुरते. खालीलपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करा, रात्र असली तरी:

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. थंडी वाजून आला तर तापमान मोजण्याचीही वाट पाहू नका.
वजन एका दिवसात एक किलो किंवा दोन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय-चेहरा सुजला.
पाणी तेवढंच पिऊनही लघवी कमी झाली, लाल झाली किंवा जळजळ सुरू झाली.
किडनीच्या जागी दुखतंय, दाबल्यावर जड लागतंय.
दिवसात तीनहून जास्त जुलाब. जुलाबाने शरीर कोरडं पडतं आणि टॅक्रोलिमस जास्त शोषलं जातं, म्हणजे किडनीला दोन्हीकडून मार बसतो. ओआरएस सुरू करा आणि फोन करा, पण गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका.

फोनवर सांगताना आधी किडनी बदलल्याची तारीख सांगा, मग आजचा ताप, बीपी, वजन आणि कालची लघवी. वही समोर ठेवूनच बोला. गाडी कुणाची न्यायची, रात्री कोण चालवेल आणि सोबत कोण येईल हे आजच, बरं असताना, ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.