ग्राहकाने भागाचा कार्बन आकडा मागितला, तर तो कसा काढायचा?

सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याकडे ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून एक्सेलचा तक्ता येतो. भागाचा क्रमांक, ड्रॉइंग क्रमांक, वजन आणि शेवटच्या रकान्यात ‘प्रति नग कार्बन उत्सर्जन’. तो रकाना भरायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. स्टोअरचं रजिस्टर, वीजबिलं, रिजेक्शनच्या नोंदी आणि या सगळ्याची सांगड घालणारा एक चिकाटीचा माणूस एवढं पुरतं.

तुमच्या मालाचं उत्सर्जन ग्राहकाच्या ‘स्कोप ३’ मध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कारखान्याबाहेर पण त्याच्या धंद्यामुळे होणाऱ्या उत्सर्जनात, विकत घेतलेल्या मालाच्या खात्यावर चढतं. तुम्ही आकडा दिला नाहीत तर तो सरासरी आकडा धरून मोकळा होतो. मग तुम्ही भट्टी सुधारलीत, भंगार कमी केलंत, तरी ते त्याच्या कागदावर कुठेच दिसत नाही. म्हणून हा हिशेब स्वतःच करावा, असं मला मनापासून वाटतं.

हिशेबाची हद्द आखा

कंपनीचं वर्षभराचं एकूण उत्सर्जन भागिले एकूण नग, असं करू नका. त्यात विकत घेतलेला कच्चा माल येत नाही आणि हलका-जड, सोपा-किचकट असे सगळे भाग एका मापाने मोजले जातात. उत्पादनाच्या हिशेबासाठी आयएसओ १४०६७ हे मानक आहे, त्याची सध्याची आवृत्ती २०१८ची. जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायूंच्या हिशेबाची आंतरराष्ट्रीय नियमावली, हिचं उत्पादन मानक २०११चं. ग्राहकाने यांपैकी कोणतं धरलं आहे ते सुरुवातीलाच विचारून घ्या.

मग तीन गोष्टी लिहून काढा: एकक एक नग की एक किलो, कालावधी कोणते बारा महिने, आणि हद्द कुठून कुठपर्यंत. पुरवठादाराला बहुधा खाणीपासून स्वतःच्या गेटपर्यंतचाच हिशेब द्यायचा असतो. पुढचा वापर आणि विल्हेवाट ग्राहकाकडे.

कच्चा माल: घेतलेलं वजन धरा

यंत्रावर कापून केलेल्या भागात बहुतेक वेळा सर्वात मोठा हिस्सा कच्च्या मालाचाच असतो, आणि सर्वात मोठी चूकही इथेच होते. ड्रॉइंगवर तयार भागाचं वजन असतं. हिशेबात मात्र बार किंवा शीट जेवढी कापली तेवढं वजन यायला हवं. चिप्स आणि शेवटचे तुकडे तुमच्याच नगासाठी वितळवलेल्या धातूतून आलेले असतात. रिजेक्ट झालेल्या नगांचा भारही चांगल्या नगांवरच टाकावा लागतो.

या वजनाला उत्सर्जन गुणांकाने गुणायचं, म्हणजे एक किलो माल तयार होताना किती किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य वायू बाहेर पडले त्या आकड्याने. तो शक्यतो तुमच्या पुरवठादाराकडून, त्याच मालासाठीचा घ्या. मिळाला नाही तर डेटाबेसमधला घ्या, पण डेटाबेसचं नाव, आवृत्ती आणि वर्ष शेजारी लिहून ठेवा. एकच धातू असला तरी गुणांक किती बदलतो पाहा: भंगारातून ॲल्युमिनियम पुन्हा करायला लागणारी ऊर्जा खनिजापासून करण्याच्या जेमतेम ५ टक्के असते. नुसतं ‘ॲल्युमिनियम’ लिहून भागत नाही.

भंगार विकता, म्हणून त्याची वजावट घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. ‘कट-ऑफ’ पद्धतीत विकलेल्या भंगाराची वजावट मिळत नाही. त्या बदल्यात, तुम्ही पुनर्वापरातला माल घेतलात तर त्याच्या आधीच्या आयुष्याचं ओझंही तुमच्यावर येत नाही. दोन्हीकडचा फायदा एकदम घेता येत नाही. ग्राहकाची पद्धत वेगळी असेल तर ती वापरा, पण पहिल्या नगापासून शेवटच्या नगापर्यंत एकच ठेवा.

वीज, इंधन आणि बाहेरचं काम

विजेसाठी युनिट गुणिले ग्रिडचा गुणांक. ग्रिडचा गुणांक देशागणिक आणि वर्षागणिक बदलतो, त्यामुळे ताजा सरकारी आकडा वापरा. छतावर सौर पॅनल असतील आणि त्या विजेची प्रमाणपत्रं तुम्ही दुसऱ्याला विकली असतील, तर ती वीज शून्य उत्सर्जनाची म्हणून दाखवता येत नाही.

डिझेल जळताना लिटरमागे साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. उत्पादनाच्या हिशेबात त्याच्या उत्खननाचं आणि शुद्धीकरणाचंही उत्सर्जन यायला हवं. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो, त्याची गळती दुर्लक्षू नका: आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या मापाने एक किलो जीवाश्म मिथेन २९.८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे.

हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग अशी कामं बाहेर दिली असतील तर जॉबवर्कवाल्याकडून त्याची वीज, त्याचं इंधन आणि कामाचं माप मागा. तो बहुधा हिशेब करून देणार नाही. कच्चे आकडे मिळाले की हिशेब तुम्हीच करा.

वाटणी कशी करायची

एकाच मीटरवर दहा भाग तयार होतात, तेव्हा वीज कुणाच्या नावावर किती घालायची? पहिला उपाय म्हणजे वाटणी टाळणं. महत्त्वाच्या लाइनवर सबमीटर बसवा. त्याने बरेच वाद मिटतात. तरीही वाटावंच लागलं तर विजेचा वापर ज्या गोष्टीने ठरतो त्या मापाने वाटा. मशीनिंगला यंत्राचे तास, भट्टीला वजन, प्लेटिंगला पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. सगळीकडे वजनच धरलं तर जड पण झटपट होणाऱ्या भागावर अन्याय होतो आणि तासन्‌तास यंत्रावर राहणारा हलका भाग स्वच्छ दिसतो. किमतीच्या प्रमाणात वाटणी हा शेवटचा पर्याय, कारण भाव बदलला की भट्टीत काहीही न बदलता आकडा बदलतो. कॉम्प्रेसर आणि दिव्यांची वीजही लाइनच्या तासांवर चढवा.

आकड्यांत पाहू

समजा, स्टीलचा एक ब्रॅकेट आहे. तयार वजन १ किलो, बारमधून घेतलेलं वजन १.४ किलो. पुढचे गुणांक फक्त पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत.

स्टील: १.४ किलो × २.२ = ३.०८ किलो.
वीज: लाइन तासाला ३० युनिट घेते, नगाला ३ मिनिटं लागतात, म्हणजे १.५ युनिट × ०.६ = ०.९० किलो.
बाहेरचं प्लेटिंग: ०.२० किलो.
बार आणण्याची वाहतूक: ०.०७ किलो.

बेरीज ४.२५. शेवटच्या तपासणीत शंभरातले ४ नग बाद होतात, म्हणून ४.२५ ÷ ०.९६ = ४.४३ किलो समतुल्य प्रति चांगला नग.

तयार वजन धरून रिजेक्शन सोडून दिलं असतं तर स्टीलचा हिस्सा ३.२१ ऐवजी २.२ आला असता, म्हणजे जवळपास एक तृतीयांश गायब. उत्सर्जन कमी करायचं असेल तर कुठे हात घालायचा तेही यातून दिसतं: दिवे बदलण्याआधी कापण्याचा आराखडा बदला.

आकडा कळवताना

आकड्यासोबत एक पान जोडा: मानक, हद्द, एकक, कालावधी, वाटणीची पद्धत, गुणांकांचे स्रोत, काय वगळलं आणि का, आणि एकूण आकड्यातला किती टक्के भाग प्रत्यक्ष मोजलेल्या माहितीवर उभा आहे. ही टक्केवारी पॅक्टच्या, म्हणजे कंपन्यांनी एकमेकांना उत्पादनाचे कार्बन आकडे कसे कळवायचे हे ठरवणाऱ्या उपक्रमाच्या आराखड्यातही मागतात. अंदाज असेल तिथे ‘अंदाज’ असंच लिहा; तपासणीला येणारा माणूस अंदाज मान्य करतो, लपवलेला अंदाज मान्य करत नाही.

झाडं लावली किंवा कार्बन क्रेडिट विकत घेतली, म्हणून ती या आकड्यातून वजा करायची नाहीत. आयएसओ १४०६७ त्याला परवानगी देत नाही. लाकूड, भुसा अशा जैविक स्रोतांचा कार्बन वेगळा दाखवावा लागतो.

युरोपीय संघात लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं किंवा हायड्रोजन जात असेल तर सीबीएएम या, आयात मालाच्या कार्बनवर सीमेवर शुल्क लावणाऱ्या नियमाचा वेगळा हिशेब लागतो. अहवालाचा संक्रमणकाळ १ ऑक्टोबर २०२३ला सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून नियम पूर्णपणे लागू झाला. त्याची हद्द वेगळी आहे, त्यात वाहतूक धरत नाहीत. त्यामुळे वर काढलेला ४.४३ त्या अर्जात जसाच्या तसा घालू नका. कच्चे आकडे तेच वापरा, बेरीज नव्याने करा.

एक्सेलची मूळ फाइल, बिलांच्या प्रती आणि पुरवठादारांची पत्रं एकाच फोल्डरमध्ये, तारखेसह ठेवा. स्टीलचा पुरवठादार, भट्टीचं इंधन किंवा कापण्याची पद्धत बदलली की वर्ष संपायची वाट न पाहता आकडा पुन्हा काढा आणि ग्राहकाला नवी आवृत्ती जुनीच्या क्रमांकासह पाठवा.