पहिले प्रवाळ कोणते घ्यावे, आणि ॲनिमोन केव्हा

रीफ टाकीसाठी, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, प्रवाळ निवडताना आधी टाकीकडे पाहावे आणि मग रंगाकडे. अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर येऊन काही आठवडे तिथेच टिकले असतील, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअसच्या आसपास राहत असेल आणि पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या जवळ असेल, तर सोप्या जातींपासून सुरुवात करायला हरकत नाही. यातला आकडा थोडा पुढे-मागे असला तरी चालतो, पण तो रोज बदलता कामा नये. बाष्पीभवनाने पाणी घटते, मीठ मात्र टाकीतच राहते. म्हणून घटलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी न घालता आरओचे शुद्ध गोडे पाणी घालावे. नायट्रेट अगदी शून्य करण्याचा हट्टही नको. सोपी म्हणून ओळखली जाणारी बहुतेक प्रवाळे लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यात अधिक फुललेली दिसतात.

नवशिक्याने पहिली निवड मऊ प्रवाळांची आणि त्यांच्या जवळच्या नातलगांची करावी, कारण चुनखडीचा सांगाडा उभारायचा नसल्याने त्यांना कॅल्शियमचा सततचा पुरवठा लागत नाही. डिस्कोसोमा जातीचे मशरूम (हे अळंबीसारखे दिसणारे प्रवाळांचे नातलग) कमी प्रकाशात आणि संथ प्रवाहात राहतात. अंगावरच्या बुळबुळीत स्रावामुळे त्यांना गोंद धरत नाही, म्हणून सुटा मशरूम खडकाच्या बारीक तुकड्यांसह लहान वाटीत ठेवावा, वर जाळी बांधावी आणि वाटी सावलीच्या कोपऱ्यात सोडावी. काही दिवसांत तो एखाद्या तुकड्याला आपणच चिकटतो आणि मग त्या तुकड्याला गोंद लावून हवा तिथे बसवता येतो.

सार्कोफायटन किंवा सिन्युलेरिया हे लेदर कोरलही तितकेच चिवट असतात. सार्कोफायटन मधूनच आपले पॉलिप, म्हणजे प्रवाळाची फुलासारखी उघडणारी लहान तोंडे, मिटून घेते, त्यावर मेणचट चकाकी येते आणि कित्येक दिवस ते मेल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते वरची पातळ कात टाकत असते. अशा वेळी त्याची जागा बदलू नये, फक्त प्रवाह थोडा वाढवावा म्हणजे सुटलेली कात वाहून जाते. लेदर कोरल पाण्यात शेजाऱ्यांना त्रासदायक रसायने सोडतात, त्यामुळे टाकीत इतर जाती असतील तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवावा.

झोअँथस रंगांच्या बाबतीत सर्वांत मोहक आणि सांभाळायलाही सोपे. पण त्यांच्या काही प्रकारांत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ते कापू नयेत आणि त्यांनी व्यापलेला खडक कधीही गरम पाण्यात उकळू नये, कारण वाफेबरोबर विष श्वासात जाऊन माणसे गंभीर आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. लहान मुले असलेल्या घरात मी झोअँथसऐवजी मशरूमच सुचवीन.

झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप यांची अडचण उलट आहे: ते फार सहज वाढतात. मुख्य खडकावर एकदा पसरले की ते काढता काढता नाकी नऊ येतात, म्हणून त्यांना वाळूतल्या सुट्या दगडावर ठेवावे.

सहा महिने सर्व सुरळीत चालले की मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांकडे वळावे. डंकन आणि कँडी केन ही त्यांतली समजूतदार जोडी. हॅमर कोरलही फार अवघड नाही, पण रात्री ते डंख मारणारे लांब तंतू बाहेर सोडते. त्याच्याभोवती किमान १५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. यांना सांगाडा वाढवायचा असतो, त्यामुळे दर आठवड्याला पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे सांगाड्याला लागणाऱ्या कार्बोनेटचे प्रमाण, मोजून ती ८ ते ९ डीकेएचच्या (अल्कलिनिटीचे एकक) दरम्यान राखावी. लहान पॉलिपचे नाजूक ॲक्रोपोरा मात्र या टप्प्यावर दुकानातच राहू द्यावे.

खरेदी करताना समुद्रातून तोडलेल्या वसाहतीपेक्षा टाकीत वाढवलेला तुकडा, म्हणजे फ्रॅग, घ्यावा. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) च्या परिशिष्ट २ चे नियंत्रण आहे आणि काही देशांत ती बाळगण्यावरही बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी पाहावा. घरी आणलेल्या तुकड्याची खालची बाजू भिंगातून तपासावी: अंड्यांचे पुंजके किंवा तपकिरी, पारदर्शक, लहान ताडासारखा दिसणारा ऐप्टेशिया हा उपद्रवी ॲनिमोन आढळला तर तो पूर्णपणे काढून मगच प्रवाळ टाकीत सोडावे.

ॲनिमोन, म्हणजे डंख मारणारा, फुलासारखा दिसणारा प्रवाळांचा नातलग, सर्वांत शेवटी, आणि टाकी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर जुनी झाल्यावरच. नवशिक्यासाठी बबल टिप हीच जात योग्य. मॅग्निफिका आणि जायगँटिया या जाती अनुभवी हातांतही दगावतात. ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या क्लाऊनफिश या माशाला ॲनिमोन हवाच असेही नाही, टाकीत तो त्याच्याविना उत्तम राहतो. बबल टिप जागा पसंत नसेल तर चालू लागतो, वाटेतल्या प्रवाळांना डंख मारतो आणि पंपात ओढला गेला तर त्याचे तुकडे होऊन सारी टाकी नासू शकते. म्हणून तो आणण्यापूर्वी प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंजचे आवरण बसवावे. विकत घेताना त्याचे तोंड घट्ट मिटलेले आहे, पायाची चकती फाटलेली नाही आणि अंग पांढरेफटक पडलेले नाही, हे पाहावे. पांढरेपणा म्हणजे त्याला अन्न पुरवणारी सहजीवी शैवाले निघून गेली आहेत. भडक एकसुरी पिवळा किंवा निळा रंग दिसला तर तो बहुधा रंगवलेला असतो, तो घेऊ नये.