शोभिवंत मासे : पावसाळ्यात खाद्य सादळलं की पिल्लांचा कणा वाकतो

जून सरता सरता कोकणातल्या मासे पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात : ‘गप्पीची पिल्लं वाकडी व्हायला लागली, पाण्यात काय टाकू?’ पाण्यात काही टाकू नका. आधी खाद्याचं पोतं बघा.

शेडच्या कोपऱ्यात, टाक्यांना लागूनच, फरशीवर ठेवलेलं पोतं. तोंड सुतळीने कसंबसं आवळलेलं आणि आत ओल्या हाताने टाकलेली वाटी. त्यातले चार दाणे बोटांत चुरडा. कट्‌कन तुटले तर ठीक. दबले, बोटाला चिकटले किंवा कुबट वास आला, तर खाद्य सादळलं आहे आणि त्यातलं क जीवनसत्त्व बहुतेक संपलं आहे.

बहुतेक मासे माणसासारखेच क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात बनवू शकत नाहीत, ते खाद्यातूनच मिळावं लागतं. ते नसेल तर कोलॅजेन हे प्रथिन नीट बनत नाही. हाड आणि कूर्चा त्याच्यावरच उभी असते, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पिल्लात कणा आधी वाकतो. वरून पाहिलं तर शरीर नागमोडी दिसतं, बाजूने पाहिलं तर कुबड किंवा पाठीला खोलगट बाक. कल्ल्याची झाकणं आखूड राहतात, परांच्या मुळाशी लाल ठिपके येतात, जखमा लवकर भरत नाहीत. अमेरिकेत कॅटफिश पाळणाऱ्यांनी हाच रोग १९७०च्या दशकात भोगला. तिथे त्याला ‘मोडक्या पाठीचा रोग’ म्हणत.

साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजेच क जीवनसत्त्व, उष्णता, ओल आणि हवा लागली की नासतं. थोडं कारखान्यात दाणे बनतानाच जातं, उरलेलं तुमच्या शेडमध्ये. म्हणून पाकिटावर ‘ॲस्कॉर्बिल मोनोफॉस्फेट’ किंवा ‘पॉलिफॉस्फेट’ लिहिलंय का ते वाचा, हे रूप टिकतं. उत्पादनाची तारीख नसलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत सुटं विकलेलं खाद्य पावसाळ्यात घेऊच नका, कितीही स्वस्त पडलं तरी.

मात्रा : कार्प कुळाला, म्हणजे गोल्डफिश आणि कोईलाही, किलो खाद्यामागे साधारण ४५ मिलिग्रॅम लागतं असं धरतात. पावसाळ्यातली घट धरून पिल्लांना आणि पैदाशीच्या जोड्यांना १०० ते २०० मिलिग्रॅम टिकाऊ रूपात द्यावं. ते मिळत नसेल तर औषधाच्या दुकानातली ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी बारीक कुटून किलोभर खाद्याला, वरून दोन चमचे खाद्यतेल चोळून. मात्र हे मिश्रण दोन दिवसांत संपवा. म्हणजे रोजचं खाद्य शंभर ग्रॅम असेल, तर एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका.

आता दुकानदाराच्या बाटल्या. पिल्लं वाकडी दिसली की कॅल्शियम टॉनिक, लिव्हर टॉनिक, अँटिबायोटिक असं सगळं गळ्यात मारलं जातं. कॅल्शियम मासा बराचसा पाण्यातून कल्ल्यांवाटे घेतो. जांभ्याच्या भागातलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, त्यात पावसाचं पाणी मिसळलं की आणखी मऊ होतं, हे खरं. पण त्यावर धुतलेल्या शिंपल्यांची पुरचुंडी फिल्टरमध्ये टाकली तरी भागतं. हाडांना लागणारा फॉस्फरस मात्र खाद्यातूनच यावा लागतो, त्यामुळे कॅल्शियमच्या बाटलीने ती तूट भरत नाही.

घरी शेंगदाणा पेंड आणि कोंड्याचं खाद्य बनवणाऱ्यांनी जास्त जपावं. त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, आणि ओली पेंड बुरशीचं विष धरते. बुरशी दिसली की वाळवून वापरू नका, वाळवल्याने विष जात नाही. माझा अंदाज असा की पहिले तीन आठवडे मोइना किंवा आर्टेमिया या बारीक जिवंत जलकीटकांसारख्या खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांत कुबड कमी निघतं. निदान एका टाकीत करून बघा.

प्रत्येक वाकडा मासा खाद्यामुळेच वाकतो असं नाही. एकच खाद्य खाणाऱ्या अनेक टाक्यांत एकदम दिसलं तर पोतं तपासा. एकाच जोडीच्या पिल्लांत दिसलं तर रक्त जवळचं आहे, जोडी बदला. एखादाच मोठा मासा खंगून, पोट खपाटीला जाऊन वाकला, अंगावर व्रण आले, तर माशांचा क्षयरोग असू शकतो. तो वेगळा काढा, आणि हाताला जखम असेल तर त्या टाकीत हात घालू नका, हे जंतू माणसाच्या कातडीलाही धरतात. डासांची फवारणी येणार असेल तर तेवढा वेळ टाक्या झाका. कीटकनाशकानेही कणा वाकतो.

या महिन्यातली नेहमीची कामं :
– आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदल
– पीएच आणि अमोनिया तपासणी
– पन्हळीचं पाणी टाकीत जाऊ न देणं
– वीज गेल्यावर चालेल असा एअर पंप
– उरलेलं खाद्य त्याच दिवशी काढणं

आणि पुन्हा पोतं. महिनाभरात संपेल एवढंच आणा. आणल्या दिवशी आठवड्याच्या हिशेबाने घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यांत भरा, तारीख लिहा, एका वेळी एकच डबा उघडा. डबे फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. वाटी कोरडी ठेवा आणि डब्याबाहेर.

वाकलेला कणा नंतर सहसा सरळ होत नाही, खाद्य सुधारल्याने पुढची पिल्लं वाचतात. वाकडे मासे पैदाशीला ठेवू नका. खाद्य बदलूनही नव्या पिल्लांत कुबड दिसत राहिलं, तर चार-पाच जिवंत मासे आणि खाद्याचा नमुना घेऊन रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा. मेलेला मासा फार उपयोगाचा नाही.