किलो, पौंड, बार: ठिबकचा गेज वाचताना

आमच्या सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत प्रेशर म्हणजे किलो. "दीडवर ठेव" म्हटलं की झालं. गेल्या उन्हाळ्यात फिल्टरवरचा जुना गेज फुटला, दुकानात हाताला लागला तो नवीन आणून बसवला आणि मी लग्नाला गेले. पुतण्याला फोनवर नेहमीचंच सांगितलं, दीडवर ठेव. पोरगं शब्दाला जागलं! काटा दीडवर उतरेपर्यंत त्याने बायपास, म्हणजे जादा पाणी बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह, उघडला. तबकडी पौंडाची होती. तीन दिवसांनी येऊन बघते तर लॅटरलच्या, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या ठिबक नळीच्या, शेंड्याकडची झाडं कोरडी ठक्क.

म्हणून आधी काटा नको, तबकडीवरची अक्षरं वाचा. पीएसआय लिहिलं असेल तर ते पौंड, टायरच्या हवेचे असतात तेच. आपला किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार, तो १४.२२ पौंडांएवढा भरतो. बांधावर उभं राहून दशांश कोण करतंय, सरळ १४ ने भागा. २८ पौंड म्हणजे २ किलो. दीड किलो हवं तर काटा २१ वर. पुतण्याने ठेवलेलं दीड पौंड म्हणजे जेमतेम ०.१ किलो.

बारचं डोकं लावू नका. १ बार म्हणजे १.०२ किलो, ठिबकला दोन्ही सारखेच. किलोपास्कल असेल तर शंभराने भागा, बार मिळतो. पीव्हीसी पाइपवर ०.४ मेगापास्कल छापलेलं दिसलं तर दहाने गुणा. तोच आपला ४ किलोचा पाइप.

खरी गंमत मीटरची. १० मीटर उंच उभ्या पाण्याचा तळाशी दाब १ किलो. फुटांत तो सुमारे ३३ फूट. समजा, पंप चालतो त्या प्रवाहाला हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, ३० मीटर आहे. विहिरीतलं पाणी काठापासून १२ मीटर खाली, फिल्टर काठापेक्षा ३ मीटर वर. उरले १५ मीटर, म्हणजे दीड किलो. पाइपातलं घर्षण त्यातूनच जाणार, तेव्हा गेजवर पूर्ण दीड दिसायची आशा धरू नका.

याच हिशेबाने गेज खरा की खोटा तेही कळतं. टाकीच्या खालच्या पाइपला गेज लावा, पुढचा व्हॉल्व्ह बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. गेजपासून टाकीतलं पाणी ५ मीटर वर असेल तर काटा अर्ध्या किलोच्या आसपास हवा, पौंडाच्या तबकडीवर सातच्या.

आमच्या सँड फिल्टरला पाणी आत शिरतं तिथे किलोचा गेज आहे, बाहेर पडतं तिथे तो नवा पौंडाचा. वजाबाकीआधी दोन्ही एका मापात आणायचे. काल आत १.८ होतं, बाहेर १७. सतराला चौदाने भागलं, १.२ आले. फरक ०.६ किलोचा; मी अर्ध्याच्या वर जाऊ देत नाही. पुतण्याला बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायला, लावलं.