परदेशी विमानकंपनीत वैमानिकाची नोकरी: जाहिरात कोणत्या क्रमाने तपासावी

विमानकंपनीची भरतीची जाहिरात समोर आली की बहुतेक वैमानिक आधी किमान उड्डाण-तास पाहतात आणि लगेच पगाराच्या आकड्याकडे वळतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. तास आज कमी असले तरी पुढे भरून काढता येतात. त्या देशात काम करण्याचा हक्क मात्र नसला तर बाकीची पात्रता निरुपयोगी ठरते. म्हणून पहिली तपासणी त्याचीच करावी. युरोपीय संघातील बहुतेक कंपन्या संघात राहण्याचा आणि काम करण्याचा विनाअट हक्क मागतात, तर अमेरिकेतील मोठ्या कंपन्या सहसा परदेशी उमेदवारासाठी व्हिसाची जबाबदारी घेत नाहीत. आखाती देशांतील कंपन्यांचा डोलारा मुळातच परदेशी वैमानिकांवर उभा असल्याने तेथे व्हिसा कंपनीच काढून देते, आणि अनेकांच्या कारकिर्दीचा नकाशा या एका फरकामुळे ठरतो.

त्यानंतर परवाना पाहावा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, किमान निकष ठरवते. परवाना मात्र प्रत्येक देशाचे नियामक मंडळ देते, आणि एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात नोंदलेल्या विमानावर आपोआप चालत नाही. काही देश परक्या परवान्याला ठरावीक मुदतीची तात्पुरती मान्यता देतात. काही देश परीक्षा नव्याने द्यायला लावतात. बाहेरच्या वैमानिकाला युरोपीय परवाना हवा असेल, तर वाहतूक-वैमानिक परवान्याच्या सैद्धांतिक विषयांच्या परीक्षा, प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि उड्डाणचाचणी हे टप्पे बहुधा पार करावे लागतात. अमेरिकेत परदेशी परवान्याच्या आधारे खासगी उड्डाणापुरते प्रमाणपत्र मिळते, पण त्यावर मोबदला घेऊन विमान चालवता येत नाही. ब्रिटनचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे: युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर दिलेली सवलतीची मुदत 2022 च्या अखेरीस संपली आणि तेव्हापासून ब्रिटनमध्ये नोंदलेल्या विमानांवर केवळ युरोपीय परवाना पुरेसा राहिला नाही. अर्ज करण्यापूर्वी संबंधित नियामकाचे चालू नियम स्वतः वाचावेत. भरती करणाऱ्या मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता तासांकडे वळू. युरोपात आणि भारतात साधारण 200 तासांच्या व्यावसायिक परवान्यावर, टाइप रेटिंग (त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण व मान्यता) पूर्ण करून, जेट विमानाच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, आसनावर बसता येते. युरोपात अशा उमेदवाराने सैद्धांतिक परीक्षा आधीच दिलेल्या असतात. त्याच्या परवान्याला वैमानिक मंडळी ‘फ्रोझन एटीपीएल’, म्हणजे गोठलेला वाहतूक-वैमानिक परवाना, म्हणतात, आणि 1500 तासांसह इतर अनुभवाच्या अटी पूर्ण होऊन चाचणी झाली की तो पूर्ण परवान्यात बदलतो. अमेरिकेत मात्र विमानकंपनीच्या सहवैमानिकालाही 1500 तास लागतात. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरच्या विमानाला अपघात होऊन 50 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून हा नियम लागू आहे. त्या विमानातील दोन्ही वैमानिकांकडे 1500 पेक्षा जास्त तास होते, हे नियमाचे समर्थक क्वचितच सांगतात. नियमात सवलतीही आहेत: लष्करी वैमानिकास 750 तास आणि मान्यताप्राप्त महाविद्यालयातून विमानचालनाची पदवी घेतलेल्यास 1000 तास पुरतात. मल्टि-क्रू पायलट लायसन्स, म्हणजे एमपीएल, घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण त्यातील बराचसा अनुभव सिम्युलेटरमधला असतो, प्रशिक्षण एका ठरावीक कंपनीशी बांधलेले असते आणि ती कंपनी डगमगली तर दुसरीकडे जाणे अवघड होते.

कॅप्टनच्या थेट भरतीत एकूण तासांपेक्षा त्याच प्रकारच्या विमानावर कमांडमध्ये, म्हणजे मुख्य वैमानिक म्हणून, केलेले तास आणि शेवटचे उड्डाण कधी झाले, याला अधिक वजन असते. लॉगबुकमध्ये हे आकडे वेगळे काढून ठेवावेत.

इंग्रजीची आयकाओ पातळी किमान 4 लागते. वयाची मर्यादा आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांसाठी, एकाहून अधिक वैमानिक असताना, 65 वर्षे आहे. जपानने आपल्या वैमानिकांना अतिरिक्त तपासण्यांच्या अटीवर 67 वर्षांपर्यंत मुभा दिली आहे. वैद्यकीय तपासणीच्या मुदतीतही फरक आहे. अमेरिकेत चाळिशीनंतर प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी नव्याने घ्यावे लागते, तर युरोपात एकाहून अधिक वैमानिकांच्या विमानावर काम करणाऱ्याला साठीपर्यंत वर्षातून एकदा. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान मुद्दाम डोंगरावर आदळवले, त्या दुर्घटनेनंतर युरोपात नोकरीवर घेण्यापूर्वी मानसशास्त्रीय मूल्यमापन सक्तीचे झाले आणि सहकाऱ्यांकडून गोपनीय मदत मिळण्याची व्यवस्था उभारणे कंपन्यांना बंधनकारक झाले.

करार वाचताना पगाराचा आकडा शेवटी वाचावा. टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, बॉण्ड (मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची हमी) किती वर्षांचा, त्याची रक्कम दर महिन्याला घटत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, आणि कंपनीनेच नोकरीवरून काढल्यास ती रक्कम माफ होते का, हे आधी पाहावे. प्रवाशांसह उड्डाणे करण्यासाठी उमेदवाराकडूनच पैसे मागणारी योजना दिसली तर जाहिरात तिथेच मिटवावी. अमेरिकेत सारे काही सेवाज्येष्ठतेवर चालते: बेस (ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ), विमान, वेळापत्रक, कमांड, सुट्ट्या. त्यामुळे हजारो तासांचा कॅप्टनही कंपनी बदलली की यादीच्या तळाशी, सहवैमानिक म्हणून पहिल्या वर्षाच्या वेतनावर रुजू होतो. पगार तासाच्या दराने असतो आणि महिन्याला किमान ठरावीक तासांची हमी असते. म्हणून दराइतकीच हमीही पाहावी. आखाती देशांत स्थानिक आयकर नसतो आणि घरभाडे व मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळू शकतो, पण संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात कामगार संघटनेला परवानगी नसल्याने अटी बदलल्या तर सामूहिक वाटाघाटीचा मार्ग उरत नाही. शिवाय मायदेशाचा कर सुटतो की नाही, हे तेथील कायद्यानुसार निराळे तपासावे लागते. अमेरिकी नागरिकाला परदेशातील मिळकतही आपल्या सरकारला कळवावी लागते.

रोजचे जगणे ठरते ते विश्रांतीच्या नियमांवर. वर्षाला 1000 उड्डाण-तासांची मर्यादा अमेरिका, युरोप आणि भारत या तिन्ही ठिकाणी भेटते, म्हणून त्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. साप्ताहिक सलग विश्रांतीची तुलना अधिक बोलकी आहे: अमेरिकेत किमान 30 तास, युरोपात दोन स्थानिक रात्री धरून 36 तास, आणि भारतात जुलै 2025 पासून 36 ऐवजी 48 तास. युरोपात 28 दिवसांत 100 उड्डाण-तास आणि 190 ड्यूटी-तास अशी दुहेरी मर्यादा आहे, आणि कमी अंतराची अनेक उड्डाणे करणाऱ्याला दुसरी मर्यादाच आधी जाणवते, कारण विमान जमिनीवर उभे असतानाचा वेळ ड्यूटीत मोजला जातो पण उड्डाण-तासांत नाही. कायदा कमाल मर्यादा सांगतो. प्रत्यक्ष रोस्टर, म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक, त्या मर्यादेला किती चिकटून असते, ते कंपनीत आज काम करणाऱ्यांनाच विचारावे. त्यांच्याकडे मागील महिन्याच्या रोस्टरबद्दल चौकशी करताना स्टँडबायचे (बोलावल्यास हजर होण्याच्या तयारीत राहण्याचे) दिवस, रात्री घरी झोपायला मिळालेल्या रात्री आणि आयत्या वेळी झालेले बदल विचारावेत. युरोपातल्या काही स्वस्त दराच्या कंपन्यांत पाच दिवस काम आणि चार दिवस सुट्टी असे ठरलेले चक्र असते. घरापासून दूर बेस मिळालेल्या माणसाला जास्त पगारापेक्षा ही निश्चितता अनेकदा मोलाची वाटते.

निवड झाली तरी लगेच राजीनामा देऊ नये. जुन्या नियामकाने नव्या नियामकाला परवान्याची पडताळणी पाठवावी लागते आणि त्यात अनेक आठवडे जाऊ शकतात. भारतात तर कॅप्टनला एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते, तेव्हा रुजू होण्याची तारीख लेखी ठरवताना हा काळ धरलाच पाहिजे. नव्या देशाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हाती आल्यानंतर आणि पडताळणी पोहोचल्याची लेखी खात्री झाल्यानंतर नोटीस द्यावी.